'आठवडी' का बंद केलंस, फरीदा

फरीदा,

तुझ्या भावाचा, अन्वरचा फोन आला तेव्हा मी शाळेतून येऊन नुकती पर्स खुंटीला अडकवली होती. तो म्हणाला, "मंगलताई, आपा गई." मी विचारलं, "कुठं गेली?" तो गप्प राहिला. मला वाटलं रेंज नाही. मी परत विचारलं, "अरे, कुठं गेल्ती? एकटीच गेली का?" तेव्हा शबानानं नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि मला लहान पोराला सांगावं तसं नीट मराठीत सांगितलं, की तू दुपारी प्रेसमधून घरी आलीस, चहा टाक म्हणालीस, भिंतीला टेकून बसलीस, आणि ती कप घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी तिला म्हणाले, "मग चहा दिला का नाही तिला?"

हे मी खरंच विचारलं. शबाना काय म्हणाली ते आठवत नाही.

तूच सांग, विश्वास कसा ठेवायचा? त्याच दिवशी सकाळी तू फोन केला होतास. एका लग्नपत्रिकेवर काम चाललं होतं आणि 'शुभाशीर्वाद'मधल्या 'शी'ची वेलांटी पहिली का दुसरी, हे तुला विचारायचं होतं. तुला ते माहीत होतं. अर्ध्या जाफराबादच्या पत्रिका तुझ्या हातून गेल्या, तुला ते माहीत नसेल का? पण असं काहीतरी विचारायच्या निमित्तानं तू फोन करायचीस, मी "दुसरी" म्हणायचे आणि मग आपण भलतंच बोलत बसायचो. त्या दिवशी तू अन्वरच्या पोरीच्या दहावीबद्दल बोललीस, गुडघ्याला लावायच्या एका तेलाबद्दल बोललीस. तक्रार होती ती गुडघ्याची. छातीचं तू आयुष्यात कधी नाव काढलं नाहीस.

जालन्याहून एसटीनं निघाले. भोकरदन येईपर्यंत मी शेजारच्या बाईशी तुझ्याबद्दल वर्तमानकाळात बोलत होते. "मैत्रिणीकडं चाललेय," म्हणाले. "प्रेस चालवते ती." बाईनं विचारलं, "काही कार्यक्रम हाय का?" मी "हो" म्हणाले.

तुझ्या घरी बायकांनी मला वाट करून दिली आणि मी तुझा चेहरा पाहिला. चष्मा नव्हता. इतक्या वर्षांत मी तुला चष्म्याशिवाय पाहिलं नव्हतं, त्यामुळं क्षणभर मला खरंच वाटलं की ही दुसरीच कुणी आहे आणि यांच्या घरात काहीतरी गोंधळ झालाय. मी वळून दाराकडं पाहिलंसुद्धा. मग पुरुष तुला घेऊन गेले, आणि आम्ही बायका मागे राहिलो, नुकत्याच रिकाम्या झालेल्या त्या खोलीत.

शबानाच्या आईनं मला विचारलं, "तुमची ओळख कुठली?" मी म्हणाले, "कॉलेजची." नंतर वाटलं, तसं नव्हतं. जालन्याच्या कॉलेजात आपण तीन वर्षं एका बाकावर बसलो हे खरं. पण माझी तुझ्याशी खरी ओळख झाली ती 'आठवडी'त. आणि त्याबद्दलच आपण नंतर कधी धड बोललो नाही.

सुरुवात झाली ती तुझ्या चिडण्यातून. जिल्ह्याच्या ठिकाणी एक साहित्याचा मेळावा होता. आपल्या भागातल्या कवींना जेवणानंतरची वेळ दिली होती. मंचावर तालुक्यातून आलेले बारा-पंधरा लोक, आणि समोर खुर्च्या गोळा करणारे मंडपवाले. एक म्हातारे गृहस्थ कविता म्हणत होते आणि मंडपवाला त्यांना म्हणाला, "काका, जरा जल्दी घ्या, ही माईकची वायर काढायची हाय." त्यांनी माफी मागून शेवटचं कडवं गाळलं. परतीच्या बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत बसली होतीस. देऊळगाव राजाचा फाटा गेल्यावर बोललीस, "लिहिणारे हायेत, वाचणारे बी हायेत. मधीच कोणी न्हाई. आपण होऊ."

मी म्हणाले, मासिक काढ. सगळेच तसं म्हणाले. त्रैमासिक म्हणणारेही निघाले. तू ऐकायला तयार नव्हतीस.

"महिन्यानं आलेल्या पाव्हण्याला लोक वळखत न्हाईत मंगल. बाजार कसा आठ दिवसाला भरतो? तसं पाहिजे. लोकानं वाट बघाया पाहिजे."

म्हणून ते साप्ताहिक झालं आणि म्हणून त्याचं नाव 'आठवडी'. निव्वळ साहित्याचं साप्ताहिक, जाफराबादेत, आणि तेही सगळं जग मोबाईलमध्ये मान घालून बसलेलं असताना. ऐकणारा आधी हसायचा, मग विचारायचा, "साहित्याचं म्हंजे? बाजारभाव न्हाई का त्यात?" बाजारभाव नव्हते. राजकारण नव्हतं. वाढदिवसाचे फोटो नव्हते. घडी घातलेला एक मोठा कागद, आठ पानं, त्यात गोष्टी, कविता, आठवणी. छपाई अन्वरच्या प्रेसवर, पत्रिकांमधून मशीन मोकळं असेल तेव्हा. मी तेव्हा जाफराबादच्याच जिल्हा परिषद शाळेत मास्तरीण, त्यामुळं माझं नाव अंकावर टाकायची सोय नव्हती. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात संपादक, मुद्रक, प्रकाशक म्हणून एकच नाव असायचं. ते तुझं.

लोकांना ते आवडेल असं मला वाटलं नव्हतं. पहिल्या अंकाचा गठ्ठा घेऊन तू बाजारात ज्वारीच्या पोत्यांशेजारी बसलीस, आणि मी लांब उभी राहिले, ओळख न दाखवता. बायका यायच्या, कागद उलटा-सुलटा करायच्या, ठेवून जायच्या. मग तू मोठ्यानं वाचायला लागलीस. दुसऱ्या पानावरची गोष्ट, चांगली ठसक्यात. गोष्ट ऐन रंगात आली तिथं थांबलीस आणि म्हणालीस, "बाकीचं घरी जाऊन वाचा." हसून हसून माझी पुरेवाट झाली होती. लोकांनी अंक नेले.

पुढं तो ओळखीच्या कंडक्टरांच्या हातून एसटीनं फिरायला लागला. जालना, अंबड, घनसावंगी, परतूर, आष्टी. स्टँडवरचे पेपरवाले ठेवून घ्यायचे. एका निवृत्त तलाठ्यांची ऐतिहासिक कादंबरी आपण क्रमशः छापत होतो. दर आठवड्याला नायक घोड्यावर बसायचा आणि प्रकरण संपायचं. मी हात जोडून म्हणायचे, थांबव हे. तू म्हणायचीस, "त्यांची सारी भावकी वाचते. त्यांना घोड्यासाठी येऊ दे, शेजारच्या पानावर आपली कविता हाय, ती बी दिसंल की." उर्दू गझला तू देवनागरीत छापायचीस, खाली अवघड शब्दांचे अर्थ. मशिदीमागच्या गल्लीतले शिंपीकाका, ज्यांना मी नुसतं ब्लाऊज शिवणारे म्हणून ओळखत होते, ते इतकी नाजूक गझल लिहीत होते हे मला तुझ्यामुळं कळलं.

आणि मग तू ती ओळ छापलीस. शेवटच्या पानावर, चौकटीत: 'लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा.' खाली तुझा नंबर.

मला वाटलं होतं, टवाळ पोरं त्रास देतील. थोडा झालाच. पण त्याबरोबर जे आलं ते मी विसरू शकत नाही. मोबाईलवर बायका बोलायच्या. चुलीपुढून, गोठ्यातून, उसाच्या बांधावरून, मागं कुठं पंपाचा आवाज, कुठं लेकरू रडतंय. तू कानाला लावून ऐकायचीस, थांबवायचीस, टाईप करायचीस, परत ऐकायचीस. सांगणारीचं नाव विचारलं तर म्हणायचीस, "कशाला पाहिजे? गोष्ट वाच." मला फक्त प्रूफं द्यायचीस.

त्या प्रूफांवरून आपलं पहिलं मोठं भांडण झालं, आणि ते कधी मिटलं नाही. मी लाल पेन घेऊन 'न्हाई'चं 'नाही' करायचे, 'मंग'चं 'मग'. तू ते सगळं परत फिरवायचीस.

"अगं, पुस्तकी माणसं वाचताना अडखळतील," मी म्हणायचे.

"मंग अडखळू दे की. ती बाई बोलून राह्यली ना? का तू बोलून राह्यलीस?"

"मुलं वाचतात. शुद्धलेखन बिघडतं त्यांचं."

"तुह्या शाळेत तू शिकव. माह्या पेपरात ती जशी बोलती तशी बोलंल."

गंमत अशी की 'शुभाशीर्वाद'साठी जीव टाकणारी बाई तूच होतीस. मी ते तुला सुनावलं तर म्हणालीस, "पत्रिका हा कायद्याचा कागद हाय. गोष्ट म्हंजे कोणाचं तरी तोंड हाय." मला अजूनही हे पटलेलं नाही. अर्धंमुर्धं पटलंय. पुढं बोलू म्हणून आपण ते कितीदा सोडून दिलं.

'ओवाळणी' ही गोष्ट आली ती अशीच बोलून आलेली. लेखिकेच्या नावाच्या जागी 'एक बहीण' एवढंच होतं. भाऊ राखीच्या दोन दिवस आधी बहिणीला न्यायला येतो. ती हरखून जाते, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतः आला म्हणून. तो तिला माहेरी न नेता तालुक्याला, रजिस्ट्री ऑफिसात नेतो. बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतो. मग दुकानात नेऊन म्हणतो, घे कोणती पाहिजे ती साडी. ती साडी निवडायला बसते आणि तिला रंगच दिसेनासे होतात. एवढीच गोष्ट. शेवटी ती राखी बांधते. मी ती प्रूफं वाचताना पेन खाली ठेवलं. एक अक्षर दुरुस्त केलं नाही. तू माझ्याकडं बघून नुसती हसलीस.

अंक निघाला आणि चार-पाच दिवसांनी प्रेससमोर एक पांढरी गाडी थांबली. त्या दिवशी रविवार होता म्हणून मी तिथं होते. घनसावंगीकडचा एक खत-बियाण्यांचा दुकानदार, गावात वजन असलेला, सोबत दोघं नातेवाईक. अन्वरनं खुर्च्या दिल्या. तो बसला नाही. अंक टेबलावर टाकून म्हणाला, "ही बहीण कोन?"

तू म्हणालीस, "नाव छापलेलं न्हाई म्हंजे सांगायचं न्हाई."

"आमच्या घरातल्या गोष्टी तुमच्यापत्तोर कोनी आणल्या?"

"तुमच्या घरातल्या हायेत हे तुम्हीच म्हणून राह्यले, दादा. आम्ही तर गावाचं नाव बी टाकलेलं न्हाई."

त्याचा चेहरा लाल झाला. बरोबरचा एक जण म्हणाला, "तुमच्या समाजाच्या बाईनं आमच्या बहीण-भावात पडायचं कारण न्हाई."

अन्वरनं हात जोडले होते. तू मात्र त्याच्याकडं बोट करून शांतपणे म्हणालीस, "बहीण-भाऊ आमच्यात बी असतात. हा काय, बसलाय की माह्या शेजारी."

दुकानदार जाताना म्हणाला, "पुढच्या अंकात माफी पाहिजे. गोष्ट खोटी हाय असं छापा. न्हाई तर मंग बघू."

त्यांनी बघितलंही. कुणी कुणाला हात लावला नाही. पण पेपरवाल्यांकडून गठ्ठे दोरी न सोडताच परत यायला लागले. कंडक्टर म्हणाला, "ताई, मला लेकरंबाळं हायेत." ठरलेल्या पत्रिका रद्द झाल्या, एकदम एका भागातल्या. आणि एका सकाळी प्रेसच्या कुलपात कुणीतरी चिकटवायचं रसायन भरून ठेवलेलं सापडलं. अन्वरनं कटरनं कुलूप कापलं आणि तो पायरीवर बसून राहिला.

त्या दिवशी दुपारी प्रेसमध्ये मी तुला म्हणाले, "एक ओळ छाप. 'सदर कथा काल्पनिक आहे.' सगळेच छापतात. कुणाची मान खाली जात नाही त्यानं. पेपर वाचेल, अन्वर वाचेल."

"ती काल्पनिक न्हाई."

"ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. एक ओळ, फरीदा."

"ती बाई खोटी पडती."

"तिचं नाव कुठं आहे त्यात? कोण खोटं पडतं?"

तू काहीतरी बोलणार होतीस. मला ते अजून दिसतं. तोंड उघडलंस, माझ्याकडं पाहिलंस, आणि मिटलंस. मग म्हणालीस, "न्हाई छापणार."

पुढचा अंक नेहमीसारखा निघाला. शेवटच्या पानावर, बोलून पाठवायच्या चौकटीच्या जागी, दोन वाक्यं होती. 'यापुढे अंक निघणार नाही. वाचकांचे आभार.' मला आधी सांगितलंही नाहीस. मी ते बाजारात वाचलं, उभ्या उभ्या, इतर वाचकांसारखं. तलाठीकाका तुझ्या दारात आले आणि म्हणाले, "माझा नायक घोड्यासकट गोदावरीच्या मध्यात आहे हो." तू त्यांना आत बसवून चहा दिलास. मी प्रेसवर येऊन तुला म्हणाले, "हट्टापायी सोन्यासारखा पेपर मारलास तू." आणि तू म्हणालीस, "व्हय. हट्टच म्हण."

सव्वा वर्ष चाललं ते. मग आपण बोलायचं थांबलो. भांडण करून नाही, नुसतंच. माझी जालन्याकडं बदली झाली आणि ते सोयीचं झालं.

माझ्या रेणूचं लग्न ठरलं नसतं तर किती दिवस तसं चाललं असतं कोण जाणे. पत्रिका दुसरीकडं छापायचा विचार माझ्या नवऱ्यानं बोलून दाखवला आणि मला ते ऐकवेना. मी मजकूर घेऊन प्रेसवर आले. तू चष्मा नाकावर नीट बसवून वाचलंस आणि विचारलंस, "हिला आई न्हाई का?"

मी म्हणाले, "म्हणजे?"

"बापाचं नाव हाय, आज्ज्याचं हाय, चुलत्यांची तर रांगच हाय. जिनं जन्म दिला तिचं कुठंय?" आणि मला न विचारता तू पहिल्या ओळीत माझं नाव टाकलंस, नवऱ्याच्या आधी. "बघू कोण काय म्हणतंय," म्हणालीस. कुणी काही म्हणालं नाही. सासरेबुवांनी पत्रिका जरा जास्त वेळ हातात धरली, एवढंच. त्या दिवसापासून आपण परत रोज बोलायला लागलो, सगळ्यावर, फक्त 'आठवडी' सोडून. मी मनात धरून होते की तू एक दिवस स्वतःच म्हणशील, चुकलं माझं, ती ओळ छापायला पाहिजे होती. त्या दिवसाला घाई नव्हती. आपल्याला काय, अजून वीस वर्षं भांडायचं होतं.

तुझ्या तिसऱ्या दिवसाला, जियारतीला, मी परत आले. आतल्या खोलीत बायका कुराणाचे सिपारे घेऊन वाचत बसल्या होत्या. मी एका कडेला. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, डोक्यावर पदर, प्रवासानं धुळकटलेली. कुणी ओळखेना. ती सगळ्यांकडं बघत माझ्यापाशी येऊन बसली, बहुतेक माझं कुंकू बघून.

हळूच म्हणाली, "तुम्ही मंगलबाई का?"

"हो."

"मी द्वारका. घनसावंगीकडून आले. परवा मोबाईलवर बाईला गोष्ट पाठवली, तर त्यांच्या भावाचं उत्तर आलं, बाई न्हाईत म्हणून. मला वाटलं गावाला गेल्यात. परत फोन केला तवा कळलं."

मला माझा स्वतःचा आवाज आठवला. कुठं गेली, असं विचारणारा.

मी म्हणाले, "कसली गोष्ट?"

"मी बोलून पाठवते ना. आता छापत न्हाईत, पन बाई ऐकायच्या. 'ओवाळणी' मीच सांगितल्ती."

बायका खाली मान घालून पुटपुटत वाचत होत्या आणि मी त्या बाईच्या तोंडाकडं बघत राहिले. तू तिचं नाव मला कधी सांगितलं नव्हतंस. छापल्यावर नाही, भांडताना नाही, रेणूच्या लग्नानंतर नाही. आणि ती गेली इतकी वर्षं तुला बोलून पाठवत होती, आणि तू ऐकत होतीस.

ती म्हणाली, "तुम्ही बाईला म्हणल्ता ना, छापा म्हणून, खोटं हाय असं? बाईनं सांगितल्तं मला. मी बी तेच म्हणल्ते."

"तू म्हणालीस?"

"भावाला संशय आल्ता. तो घरी येऊन बसायचा. पेपर आला की आधी शेवटचं पान बघायचा, माफी दिसली न्हाई की मह्याकडं बघायचा. सासू म्हणायची, हिचंच काम हाय. नांदनं मुश्कील झाल्तं. मी बाईला फोन करून रडले. म्हणलं, छापून टाका बाई, ती गोष्ट खोटी हाय."

"मग?"

"बाई म्हणल्या, तुला कोनी विचारलं तर तू खुशाल खोटं बोल, तुला त्या घरात ऱ्हायचंय. तुहं बोलणं वारं घेऊन जाईल. पन मी छापलं तर तो कागद होतो. उद्या तुह्या धाकट्या बहिणीपुढं तोच कागद धरतील, बघ, सारं खोटं होतं, कर सही. म्हणल्या, मी पेपरच बंद करते. पेपरच न्हाई तर माफी कशात मागतेत?" ती थांबली. "कोनाला सांगू नको म्हणल्या. भिंतीला बी."

मी विचारलं, "धाकटीनं केली सही?"

"न्हाई केली. तिनं ती गोष्ट दहादा वाचली. अजून बी केली न्हाई. भाऊ दोघींशी बोलत न्हाई. राखीला आम्ही दोघी येकमेकीकडं जातो."

फरीदा, तू गेलीस हे ऐकून मला जेवढा धक्का बसला, त्याच्याइतकाच हा होता, आणि मी कोणता आधी सोसायचा तेच मला कळेना. मी उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. शबानाला वाटलं मी तुझ्यासाठी रडतेय. मी रागानं रडत होते. तू मला हट्टी म्हणू दिलंस. गावाला म्हणू दिलंस. अन्वरला वाटू दिलंस की त्याच्या धंद्याच्या भीतीनं तू पेपर गुंडाळलास, आणि ते ओझं तो इतकी वर्षं घेऊन फिरला. परवा रडताना म्हणत होता, "मेरे वास्ते बंद की आपाने." त्याला मी ते नीट सांगितलं. द्वारकेला घातलेली तुझी अट मी मोडली. भिंतीला सांगू नको म्हणालीस, पण भावाचं काय?

आणि तू बरोबर होतीस, असं मी म्हणणार नाही. थांब, ऐक. त्या चौकटीतला नंबर बघून किती बायका बोलायला लागल्या होत्या. एका द्वारकेच्या बहिणीसाठी बाकी सगळ्यांचा कागद गेला. आपण जालन्याला छापलं असतं, नाव बदलून काढलं असतं, काहीतरी केलं असतं. दोघींनी मिळून डोकं लावलं असतं तर तिसरी वाट निघाली असती. तू एकटीनं ठरवलंस. हे मला मान्य नाही. याचं उत्तर तुझ्याकडं असणार, मला ऐकू येईल इतकं ते ठरलेलं असणार, पण ते नेमकं काय, हे मला जुळवता येत नाही. मी तुझ्या बाजूनं बोलून बघते आणि दर वेळी ते माझंच बोलणं निघतं.

धन्यवाद म्हणायची आपल्यात पद्धत नव्हती. तरी सांगते, त्या सव्वा वर्षात मी जेवढी जागी होते तेवढी आधी नव्हते आणि नंतरही नाही. शाळेत पोरं काहीबाही बोलतात आणि मी मधेच थांबून ऐकते, तो कान तू दिलास.

द्वारकाला मी जीप स्टँडवर सोडायला गेले. जालन्यापर्यंत जीप, तिथून घनसावंगीची गाडी, तिला अंधाराच्या आत पोचायचं होतं. जीपवाला सीट भरायची वाट बघत होता. ती आत बसली, पदर नीट केला आणि मला विचारलं, "पेपर परत कवा निघनार?"

मी म्हणाले, "अगं, तो बंद झालाय."

"बाई म्हणल्त्या, जरा थंड होऊ दे, मंग काढू. मंगल काढंल म्हणल्त्या."

जीपवाल्यानं दार लावलं. मी काचेवर हात ठेवला. ती तशीच बघत होती, उत्तरासाठी. तिला खरं सांगायचं होतं की माझं वय झालंय, माझी नोकरी आहे, अन्वरचं मशीन आता फक्त पत्रिकाच छापतं. त्याऐवजी मी तिला माझा नंबर दिला आणि म्हणाले, "परवाची गोष्ट मला पाठव. मी टाईप करते."

जीप गेली. मी तिथं उभी राहिले, फरीदा, आणि तुझी वाट बघत राहिले, की तू म्हणशील, बघ, मी सांगितल्तं का न्हाई. बराच वेळ उभी होते.